नऊ शिवदोरे आणि एक घसरगुंडी

खरं सांगायचं तर त्या रविवारी माझं तोंड बंद राहिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. सोमवार असता तर राहिलंही असतं. सोमवारी मी पूजा होईस्तोवर मौन धरते. पण रवी भावजींचा फोन नेमका रविवारी आला.

रवी भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, चिंचवडला मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत. त्या वर्षांत परदेशी कंपन्या येत होत्या आणि येताना काय काय नवलाई घेऊन येत होत्या. दिवाळीला पेढ्यांऐवजी थर्मास वाटणारी कंपनी आमच्या धारूरात कुणी ऐकली नव्हती. यंदा त्यांनी कामगारांना सहकुटुंब पाण्याच्या बागेत न्यायचं काढलं होतं. वॉटर पार्क! एसटीडी बूथवरून येऊन हे म्हणाले (हे म्हणजे माझे यजमान; नाव मी उखाण्यातच घेते), "रवी म्हणतो, पास लागतील तेवढे मिळतील. कोण कोण जायचं?"

भाकरी थापता थापता मी म्हणाले, "सगळेच जाऊ की. आप्पांना घेऊन."

ती भाकरी तव्यावर पडायच्या आत घरातले चौदा जण तयार होते.

आप्पा म्हणजे माझे सासरे, गुरुपाद आप्पा. धारूरच्या पेठेत आमचं किराणा दुकान. साठ वर्षं त्यांनी तिथं तराजू धरला. त्या वैशाखात त्यांच्या पोटात दुखायला लागलं. सोलापूरला दाखवलं, तर डॉक्टरांनी आम्हाला दाराबाहेर बोलावून सांगितलं की दिवाळी दिसणं अवघड आहे, म्हाताऱ्याची काय हौस असेल ती पुरवून घ्या. घरी येऊन आम्ही सगळ्यांनी शपथा घेतल्या : आप्पांना कळू द्यायचं नाही. गाठ म्हणायचं नाही, उष्णता म्हणायचं.

आप्पांनी दोन दिवसांत ओळखलं. औषध द्यायला गेले तेव्हा मला म्हणाले, "थोरल्यानं तीस वरसात माझं एक आयकलं न्हाई. काल दुकानात इचारतो, आप्पा, तुमाला काय वाटतं? मी तवाच वळखलं, आपलं काय खरं न्हाई."

मी पदर तोंडाला लावला. ते म्हणाले, "रडू नगं. एक काम सांगतो, तेवढं ध्यानात ठिव."

ते काम सांगण्याआधी आमच्यातली रीत सांगायला हवी. आम्ही लिंगायत वाणी. गुरूकडून दीक्षा झाली की इष्टलिंग गळ्यात येतं, वस्त्रात गुंडाळून, शिवदोऱ्यात बांधून. ते अंगावरून उतरवायचं नाही. रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची. आणि माणूस गेलं की आम्ही जाळत नाही. बसवून मातीत ठेवतो, आणि डाव्या तळहातावर त्याचं ते लिंग ठेवतो. जन्मभर ज्याच्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहत जायचं.

"पोरं त्या वक्ताला गडबडून जातील," आप्पा म्हणाले, "तू ध्यान ठिव. माझं लिंग माझ्या हातात पाहिजे. माझंच."

"ठेवीन, आप्पा," मी म्हणाले, आणि बेलाच्या पानावर हात ठेवून वचन दिलं. बहात्तर वर्षांच्या माणसाचं एवढंच मागणं. आणि ते सांगायला त्यांना दोन मुलगे, एक मुलगी आणि आणखी दोन सुना सोडून मीच सापडले!

(यांचं म्हणणं, मुलगे तीन होते. हेही आप्पांचे मुलगेच, हे मी रागात विसरते.)

वचन दिलं म्हणून आशा सोडली असं नाही. मी सोळा सोमवार धरले. मला उपास सोडून दुसरं काही येतच नाही. पोटदुखीवर, परीक्षेवर, पाटाच्या पाण्यावर, सगळ्यावर माझा तोच उपाय. (आमच्या घरात सर्वांत जास्त उपाशी कोण आणि सर्वांत जास्त वजनाचं कोण, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.) पाण्याच्या बागेचे पास आले तेही सोमवारचे. गर्दी कमी असते म्हणून कंपनीनं सोमवार निवडला होता. मी म्हटलं, शंकराचीच इच्छा. परळीहून आणलेल्या तीर्थाची बाटली, बेल, भस्म आणि एक स्टीलची ताटली पिशवीत घातली आणि निघाले.

भाड्यानं ठरवलेली हरिबाची ट्रॅक्स गाडी दहा माणसांची होती. पण हरिबा मोजताना पोरं धरत नाही, आणि म्हाताऱ्यांना निम्मं धरतो. आप्पांना पुढची खिडकी दिली. मांजरसुंब्याला सगळ्यांनी कपिलधारच्या दिशेनं हात जोडले. कडा गावात चहा झाला. तिथून गाडी निघाली तसे आप्पा बाहेर बघत म्हणाले, "आता हा रस्ता काय पुन्यांदा दिसायचा न्हाई."

मागून नणंदबाईंनी हुंदका दिला. थोरले भावजी ओरडले, "आप्पा, कावून असं बोलताय!"

"आरं, येताना अंधार आसंल की बे," आप्पा म्हणाले. "अंधारात काय दिसतंय?"

पुण्यात रवी भावजी, त्यांची बायको कावेरी आणि त्यांचं पोरगं, असे सतरा झालो. बागेच्या फाटकावरच्या माणसानं पिशव्या उघडायला लावल्या. आत सव्वाशे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे. "बाहेरचं खाणं चालणार नाही," तो म्हणाला.

माझ्या सासूबाई, वत्सलाबाई, यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. आत्याबाई पुढं झाल्या. "बाहेरचं कुठं हाय? घरचं हाय. खाऊन बघ." आणि त्याच्या हातात चटणी लावलेला धपाटा दिला. तो घास तोंडात असेपर्यंत आम्ही सतराही जण आत होतो.

आत जे होतं ते काय वर्णावं! डोंगराएवढ्या निळ्या-पिवळ्या नळ्या, त्यांतून पाण्याबरोबर माणसं घरंगळत खाली येत होती, आणि खाली पडल्यावर उठून पुन्हा वर जायला धावत होती. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरभोवती जेवढी ओरड होते, तेवढी इथं नुसत्या हौसेची चालली होती. साडीत घसरता येत नाही म्हणून बायकांना तिथले कपडे घ्यावे लागले. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना आम्ही अक्का म्हणतो आणि ज्यांचा डोक्यावरचा पदर पंचवीस वर्षांत कुणी ढळलेला पाहिला नव्हता, त्या गुडघ्यापर्यंतची निळी विजार घालून बाहेर आल्या, तेव्हा थोरले भावजी त्यांना "बाजूला व्हा जरा" म्हणून पुढं गेले. त्यांनी ओळखलंच नाही.

घसरगुंडीच्या जिन्यापाशी शिट्टी घेतलेला एक माणूस उभा होता. त्यानं हात आडवा केला. "गळ्यातलं सगळं काढा. नळीत अडकलं तर फास बसतो."

सगळ्यांचे हात आपापल्या गळ्याशी गेले.

"ह्ये न्हाई निघत," यांनी सांगितलं. "ह्ये देवाचं हाय."

"देवाचं असू द्या, नाहीतर आणखी कुणाचं. नियम आहे. तिकडं लॉकर आहेत."

"देवाला लॉकरात ठिवू?" आत्याबाई कडाडल्या. "माझं मसणात गेल्यावर बी निघायचं न्हाई. मी न्हाई येत जा." आणि त्या तरातरा जाऊन उथळ पाण्यात पाय सोडून बसल्या. त्या दिवशी आमच्या घरात अक्कल शाबूत असलेलं हे एकच माणूस होतं.

मार्ग अक्कांनी काढला. लिंग अंगावरून उतरवायचं नाही, पण कुणाच्या तरी अंगावर राहिलं म्हणजे झालं. "शिवगंगाच्या गळ्यात घाला. तिचा सोमवार हाय. ती काय घसरत न्हाई, बसून ऱ्हाती."

मला बरंच वाटलं. घरात कुणीतरी माझ्या उपासाचा उपयोग ओळखला! अक्का, थोरले भावजी, नणंदबाई, रवी भावजी, कावेरी, माझी मुलगी अपेक्षा आणि हे, अशा सात जणांचे शिवदोरे माझ्या गळ्यात आले. लहान पोरांची दीक्षा अजून व्हायची होती, म्हणून मान वाचली.

तेवढ्यात आप्पा म्हणाले, "मी बी जानार."

हे म्हणाले, "आप्पा, तब्येत..."

"काय झालंय तब्येतीला?"

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. शपथ होती.

"उष्णता," थोरले भावजी पुटपुटले.

"मग उष्णतेला पाणी चांगलंच की," आप्पा म्हणाले.

आप्पांनी गळ्याकडं हात नेला. सोलापूरला पोटाचा फोटो काढतानाही त्यांनी ते उतरवलं नव्हतं. गळ्यातून काढून मुठीत धरलं होतं. शिट्टीवाला मूठही बंद ठेवू देईना. मग त्यांनी तो दोरा डोक्यावरून काढला आणि आपल्या हातानं माझ्या गळ्यात घातला. "माय, दहा मिनिटं," म्हणाले.

आप्पांचं आठवं, माझं नववं. पोळ्याचा बैल सजवतात तशी मी उभी होते.

हे आप्पांचा हात धरून जिना चढू लागले. मी नऊ देव सांभाळत कोरडी जागा शोधू लागले. आणि सापडली! मधोमध चार खांबांवर एक मांडव होता आणि वर भला मोठा रंगीत कलश टांगलेला. खाली छान सावली, आणि कुणीही बसलेलं नाही. मला आमच्या देवळात पिंडीवर टांगलेलं अभिषेकपात्र आठवलं. म्हटलं, एवढ्या मौजमजेच्या ठिकाणी कुणाला तरी देवाची आठवण आहे! मी हात जोडले आणि कलशाखाली बसले. आजूबाजूची पोरं लांब उभी राहून माझ्याकडं आशेनं बघत होती. मीही त्यांच्याकडं बघून हसले.

वर आप्पा नळीच्या तोंडाशी बसले. मला इथून त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं. "शिवा, शिवा!" असा आवाज आला, आणि मी डोळे ताणले, कारण हेच बघायला तर मी सगळ्यांना घेऊन आले होते.

घंटा वाजली. पोरं किंचाळली. आणि तो कलश पालथा झाला.

दोन-तीन हौद पाणी एकदम डोक्यावर पडल्यावर माणसाला काय वाटतं, ते मला सांगता येणार नाही, कारण काही वाटायला मी शुद्धीवर नव्हते. डोळ्यांतलं पाणी पुसून बघते, तर आप्पा खालच्या हौदात उभे, अंगात धोतराऐवजी तिथली विजार, आणि ते हसत होते. पोट धरून. मी त्या घरात आल्यापासून आप्पांना असं हसताना पाहिलं नव्हतं. ते नळीतून कसे आले हे मात्र मला सोडून बागेतल्या सगळ्यांनी पाहिलं.

इथवर झालं ते नशीब. यापुढचं माझं कर्तृत्व.

ओलं होण्याचं मला काही नव्हतं. देवाला पाण्याचं काय वावडं? पण ते पाणी! त्या पाण्यात सकाळपासून दोन-तीनशे पोरं बसली होती, आणि पोरं पाण्यात बसून काय करतात हे एकत्र कुटुंबातल्या बाईला सांगावं लागत नाही. तसलं पाणी लागलेलं लिंग आप्पांच्या गळ्यात परत घालायचं? मी बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत धावले. नऊ वस्त्रं सोडली, पिळली, बाकावर वाळत घातली. नऊही लिंगं स्टीलच्या ताटलीत ठेवली. परळीच्या तीर्थानं स्नान घातलं, भस्म लावलं, डोळे मिटले आणि एकशे आठ वेळा मंत्र म्हटला. मन असं शांत झालं की काय सांगू.

डोळे उघडले.

ताटलीत नऊ लिंगं होती. काळी, तुळतुळीत, सारख्या आकाराची. बाकावर नऊ वस्त्रं होती. कुणाचं वस्त्र कोणतं, ते मला ठाऊक होतं. कुणाचं लिंग कोणतं, ते शंकराला.

एरवी आप्पांचं ओळखू आलं असतं. साठएक वर्षं हाताळलेलं ते. पण आदल्याच वर्षी आमच्या मठाच्या स्वामींनी घरच्या सगळ्या लिंगांवरचं काळं आवरण नवं करून दिलं होतं. मी घामानं डबडबले. (एवढ्या थंड पाण्यात भिजून घाम येणारी त्या बागेतली मी पहिलीच असेन.)

कावेरी ओलीचिंब आत आली. "वैनी, आप्पा मागतेत." मग तिनं ताटलीकडं पाहिलं, बाकाकडं पाहिलं. "अगं बाई."

"कावेरी, रवी भावजींचं तरी ओळखू येईल का?"

"मला? वैनी, त्यांचं पुण्यात कपाटात असतंय. धारूरची गाडी लागली की गळ्यात. त्यांनाच वळखू येनार न्हाई." ती जवळ बसली. "सांगून टाका सगळ्यांना."

बाहेरून आप्पांचा आवाज येत होता. ते शिट्टीवाल्याला सांगत होते, "आसं वाटलं, आता गेलो! अन् मग म्हनलं, च्यामारी, गेलो तर काय एवढं वाईट न्हाई की!" आणि पुन्हा तेच हसणं.

"आज नको," मी म्हणाले. "आज ते हसताहेत."

मी ताटलीत बेलाचं एक पान ठेवलं आणि हात जोडून म्हटलं, बाबा, तूच दाखव. वर पंखा गरगरत होता. पान उडालं आणि एका लिंगावर जाऊन टेकलं. कौल मिळाला! ते आप्पांचं. बाकीच्या सात जणांसाठीही तसेच कौल लावले (शेवटी शेवटी पान ओलं होऊन हलेना, तेव्हा मीच जरा फुंकलं). उरलेलं नववं मी गळ्यात घातलं.

आप्पांनी दोरा घेतला, वस्त्र सोडून लिंग डाव्या तळहातावर धरलं. क्षणभर तळहात वर-खाली झाला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि गळ्यात घातलं.

तो "बरं" मी पुढं सहा महिने ऐकत होते.

धारूरला आलो आणि मला घरात चिन्हं दिसायला लागली. अपेक्षा आप्पांसारखी घसा खाकरायला लागली. थोरले भावजी संध्याकाळी गाणी गुणगुणायला लागले, जी सवय रवी भावजींची. हे एकदा मला "हो" म्हणाले, वाद न घालता. मी म्हटलं, झालं, लिंगं बदलली, माणसं बदलली! आणि सगळ्यात भीती वाटायची ती आप्पांच्या हाताची. रोज त्यांच्या डाव्या तळहातावर कुणाचं लिंग होतं? आणि उद्या त्यांना मातीत बसवताना मी त्या हातावर काय ठेवणार होते? जे वचन मी एकटीनं दिलं होतं, ते मी एकटीनंच मोडलं होतं. तेही पूजा करून.

पण एक नवल झालं. आप्पांना भूक लागायला लागली. डॉक्टरांनी अवघड म्हटलेली दिवाळी जवळ येत होती आणि आप्पा उकडीचे दिवे मागून खात होते. मी दर सोमवारी लिंग हातावर घेऊन एकच मागत होते : आप्पांना आयुष्य दे. आणि दुसरं नवल म्हणजे आप्पा रोज सकाळी घरातल्या एकेकाला पूजेला शेजारी बसवायला लागले. "ये, बस. बघू तुझं." थोरले भावजी दहा-दहा दिवस बसले. अपेक्षा शाळेआधी बसली. रवी भावजींना पुण्याहून बोलावून घेतलं. ज्या घरात पूजा म्हणजे आप्पा सोडले तर मी एकटीच, त्या घरात रोज सकाळी दोन माणसं समोरासमोर बसत होती. मी दारामागून बघायची आणि डोळे पुसायची. म्हणायची, आप्पा जाता जाता एकेकाला आशीर्वाद देताहेत.

माझंच काय ते बिनसलं. भाद्रपदात ताप भरला. उतरला, पुन्हा भरला. वजन झरझर उतरायला लागलं (हे पहिल्यांदा म्हणाले, "उपासाला गुण आला"). शेवटी चार दिवस दवाखान्यात सलाईन. डॉक्टरला निदान होईना. मी भिंतीकडं तोंड करून पडायची आणि मनात म्हणायची, शंकरा, केलेल्या घोटाळ्याची सजा मला दे, पण आप्पांना सांभाळ.

दिवाळी झाली. आप्पांनी चिवडा खाल्ला, दोनदा. कार्तिकात एका सकाळी मी काठी टेकत त्यांचं औषध घेऊन गेले. आप्पा खाटेवर बसले होते. म्हणाले, "माय, बस. तुझं दे बघू जरा."

मी गळ्यातून काढून दिलं. आप्पांनी उजव्या हातावर माझं घेतलं, डाव्या हातावर त्यांचं. दोन्ही हात तराजूच्या पारड्यांसारखे समोर धरले, डोळे मिटले. मग हसले.

"घावलं," म्हणाले.

मी खाली बसून सगळं सांगून टाकलं : कलश, तीर्थ, ताटली, पान, पंखा. आणि शेवटचं फुंकलेलंही.

"मला त्याच दिशी कळलंय," आप्पा म्हणाले. "साठ वरसं तराजू धरलाय, माय. हातात घेतल्याबराबर कळलं, माझं न्हवं हे. माझं जड हाय. हे हलकं."

"मग बोललात कावून नाही?"

"कुठं बोलू? त्या बागेत? सगळी तुझ्या उरावर बसली असती. म्हनलं, गप ऱ्हावं, आपलं आपन हुडकावं. म्हनून तर एकेकाला बोलावून तोलून बघत हुतो. कुनाला संशय नगं, म्हनून दहा-दहा दिस बसवलं."

"मला वाटलं तुम्ही आशीर्वाद देताय!"

"ते बी दिले. समोर येऊन बसलंच हाय, तर द्यायला काय जातंय?"

"आप्पा, पण मी याच घरात. मला आधी का नाही बोलावलं?"

बोलणं त्यांच्या जिवावर आलेलं दिसलं. "तू रोज पूजा करनारी. ह्या घरात दुसऱ्या कुनाला वळखू येवो ना येवो, शिवगंगाला तिचं वळखू येनारच. म्हनून तुझं शेवटाला ठिवलं." मग हळूच म्हणाले, "माझाच हिशेब चुकला."

काय सांगणार होते मी? गुरूंनी सांगितलंय, तळहातावर लिंग घेऊन उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडं पाहायचं. मी मिटते. घरात डोळे मिटायला मिळणारा तेवढाच वेळ.

"आन् तू मागत काय हुतीस त्याच्यापुढं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला आयुष्य."

"माझ्याच लिंगापुढं बसून?"

"हो."

आप्पांनी कपाळाला हात लावला. "तरीच! आन् मी काय मागत हुतो, ठाव हाय? बाबा, लई झालं, आता सोडव. रोज. तुझ्या लिंगापुढं बसून."

मी माझ्या हाताकडं पाहिलं. सलाईनच्या सुईचे डाग अजून होते. आप्पांनीही पाहिले.

"मी चिवडा खातोय," ते म्हणाले, "आन् तू सलाईनवर!" आणि हसायला लागले. मग खोकला आला, मग कळ आली. पोट दाबून धरत त्यांनी उशीवर डोकं टेकलं, तेव्हा मला दिसलं की या सहा महिन्यांत त्यांच्या हाताची नुसती काडी झाली होती. मी मागत होते ते आयुष्य त्यांना मिळत होतं. ते जगणं त्यांना किती दुखत होतं, हे मी विचारलंच नव्हतं.

त्यांनी माझं लिंग माझ्या वस्त्रात बांधून माझ्या गळ्यात घातलं. त्यांचं स्वतःच्या हातावर घेतलं आणि त्याच्याकडं बघत राहिले. उघड्या डोळ्यांनी.

"सोळा झाले न्हवं तुझे?"

"कधीच झाले. मीच पुढं चालू ठेवले होते."

"आता मागू नगं, माय. ज्याचं त्याला पोचलं."

"बरं," मी म्हणाले.

माझा ताप त्याच आठवड्यात उतरला. आप्पा नवव्या दिवशी गेले, पहाटे, शांतपणे. त्यांना बसवलं तेव्हा खरंच सगळे गडबडून गेले. थोरले भावजी भस्म शोधत होते आणि भस्म त्यांच्याच हातात होतं. मी पुढं झाले, आप्पांच्या गळ्यातून लिंग सोडलं आणि डाव्या तळहातावर ठेवण्याआधी जरा वर-खाली करून पाहिलं. मला वजनातलं काही कळत नाही. तरी पाहिलं. मागून नणंदबाई रडत म्हणाल्या, "बघा, वैनीला सोडवंना झालंय."

त्या दिवसापासून आत्याबाई बोलायच्या थांबल्या. जेवायला दिलं तर दोन घास, नाहीतर भिंतीकडं बघत बसणं. रडणंही नाही. चौथा दिवस, सातवा दिवस, दहावा दिवस. हे रात्री मला म्हणाले, "आईबी आता जायाच्या मार्गाला लागली." मी सोमवार धरायला निघाले होते, मग माझ्या पहिल्या सोळांनी काय केलं ते आठवलं, आणि नुसतीच त्यांच्याजवळ बसून राहिले.

अकराव्या दिवशी विधीला स्वामी आले. उरलेल्या सात जणांच्या गळ्यातला घोटाळा माझ्याच्यानं पोटात ठेववेना. सगळ्यांसमोर स्वामींच्या पायांवर डोकं ठेवून मी सांगून टाकलं. थोरले भावजी गळ्याला हात लावून अक्कांकडं संशयानं बघू लागले. रवी भावजी म्हणाले, "म्हणजे सहा महिने मी ज्याची पूजा केली..." (तेव्हा आम्हाला कळलं की ते पूजा करायला लागलेत. कावेरी रडायलाच लागली.)

स्वामी मोठ्या मनाचे. म्हणाले, "माय, भक्तीत झालेली चूक आहे. सगळ्यांची लिंगं एका ताटात घ्या. मी पूजा करतो, आणि गुरूच्या हातून पुन्हा एकेकाला धारण करवतो. ज्याच्या हातात जे येईल, ते त्याचं."

चांदीचं ताट आलं. सगळ्यांनी आपापलं लिंग सोडून ताटात ठेवलं. कावेरीनं हलकेच आत्याबाईंच्या गळ्यातलंही काढून ठेवलं. त्यांनी हू की चू केलं नाही. स्वामींनी ताट उचललं, कुणाच्या हातात द्यावं म्हणून खोलीभर नजर फिरवली. माझ्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात रुद्राक्ष, तापानं ओढलेला, पण उपासाचा वाटावा असा चेहरा. त्यांचा चेहरा उजळला.

"घ्या माय, तुमच्याएवढं नेमाचं या घरात कोण आहे? तुम्हीच धरा."

मी दोन्ही हात पुढं केले. आणि अकरा दिवस भिंतीकडं तोंड करून बसलेल्या आत्याबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या.

"स्वामी, तिच्या हातात नगा देऊ! ह्या घरात माझं एकटीचंच जाग्यावर हाय!"

क्षणभर कुणाला कळेना रडावं की काय करावं. मग अक्कांचा पदर तोंडाशी गेला, मग हे हसले, मग सगळं घर. आत्याबाई पण हसल्या, आणि हसता हसता त्यांना अकरा दिवसांचं रडू फुटलं. मी त्यांना कुशीत घेतलं. त्यांनी मला घेऊ दिलं, पण ताटावरची नजर काढली नाही.

ताट अक्कांनी धरलं. मला काहीतरी काम द्यायला हवं म्हणून स्वामींनी माझ्या हातात घंटा दिली.

घरात घंटा एकच होती.